तीन नंबरची गादी

घसा खाकरल्याशिवाय वेतुरियामावशीचं वाक्य सुरूच व्हायचं नाही. "हं-हं, ऐका." "हं-हं, जेवलीस का गं?" कुंपणापलीकडून तो आवाज आला की आमच्या कोंबड्यासुद्धा माना वर करायच्या. तिच्या हाताखाली शिकलेल्या नऊ नर्सा आज नऊ गावांतून घरोघर फिरतात, आणि रोग्याच्या दारात पाऊल टाकताना नऊच्या नऊ जणी आधी घसा खाकरतात. त्यांच्या ते लक्षातही येत नाही.

मावशी आधी शहरातल्या शिवणकामाच्या कारखान्यात होती, तिथल्या दवाखान्यात. कारखाना बंद पडला तेव्हा एक रक्तदाबाचं यंत्र आणि दुखरे गुडघे घेऊन ती आमच्या वालेआ कॉर्नुलुइ गावी परत आली. नवरा आधीच गेलेला. मुलगा तिबेरिउ इटलीत, तोरिनोला, लोकांच्या न्हाणीघरात फरशा बसवायचा. मग जिल्ह्याच्या आरोग्य खात्याने तिला गावची नर्स नेमलं, आणि पुढे अठ्ठावन्नाव्या वर्षी पत्र आलं, की आता नव्या मुलींना शिकवा. विषय होता 'सामुदायिक परिचारिकांसाठी आरोग्य-संसाधनांचे व्यवस्थापन'. मावशीने पत्र लांब धरून वाचलं, जवळ धरून वाचलं, आणि म्हणाली, "हं-हं. म्हणजे चार गाद्या."

चारच होत्या. चावडीच्या मागे पूर्वी सरपण ठेवायची खोली होती, तिथे सगळी संपत्ती: सहा वॉकर, दोन चाकांच्या खुर्च्या, प्राणवायूचं एक यंत्र आणि पंपावर चालणाऱ्या चार हवेच्या गाद्या. या गादीची एक ओळ फुगते तेव्हा दुसरी बसते, मग उलट. अंथरुणाला खिळलेल्या माणसाची पाठ त्यामुळे सडत नाही. पंप दिवसभर मांजरासारखा घुरघुरतो. नऊ गावांत अंथरुणाला खिळलेली माणसं मात्र चाराच्या वरच, नेहमी.

पहिल्या वर्गाला जिल्ह्याहून एक साहेब आले होते. कोवळे होते, आणि प्रत्येक वाक्याच्या शेवटी 'बरोबर?' विचारायचे. भिंतीवर त्यांनी एक वर्तुळ दाखवलं, बाणांचं.

"वस्तू गोदामातून घरी जाते, बरोबर? वापर संपला की गोदामात परत येते, बरोबर?"

"हं-हं. वापर संपला म्हणजे काय हो, साहेब?"

"म्हणजे रुग्णाला गरज उरली नाही."

"म्हणजे मेला."

"म्हणजे... हो."

"मग त्याच्या घरून मागून आणायची. तुम्ही येता का सोबत? नाही, अख्ख्या रुमेनियात असं मागणारा माणूस मला एकदा पाहायचाय."

मुली खाली माना घालून हसल्या. साहेबांचा बाण भिंतीवर तसाच फिरत राहिला.

कारण मेलेल्याला तिकडे, परलोकात, जे लागतं ते इथूनच कोणाच्या तरी हातून जातं. कोट, ताट, चमचा, पाण्याची बादली, ऐपत असेल तर अंथरलेला पलंग. शेजाऱ्याच्या हातात टॉवेल आणि पेटलेल्या मेणबत्तीसकट ती वस्तू द्यायची. ही पोमाना. घेणाऱ्याने म्हणायचं, "देव त्याला क्षमा करो." झालं, वस्तू पोचली. म्हातारा गेनादिए दोन वर्षं चावडीच्या वॉकरवर टेकून चालला. तिकडे काय रांगत जाऊ द्यायचा त्याला? घरच्यांनी वॉकर त्याच्या धर्मपुत्राला दिला. धर्मपुत्र तीस वर्षांचा, वासरू खांद्यावर घेऊन नदी ओलांडणारा. त्याने वॉकरवर कांदे वाळत घातले. पहिल्याच वर्षी अशा पाच वस्तू गेल्या, आणि परत मागायला गेलेल्या मावशीला पाच घरांत एकच उत्तर मिळालं: दिलेलं परत घेतलं तर त्याच्या हातून तिकडे कोणी हिसकावून घेईल.

मावशीने भांडण केलं नाही. तिने तेच उलटं शिवलं. उन्हाळ्यात वर्ग तिच्या ओसरीवर भरायचा, त्यामुळे अख्खा अभ्यासक्रम मला कुंपणावरून पाठ आहे.

"हं-हं. गेनादिए आत्ता तिकडे कशावर टेकून चालतोय?"

"वॉकरवर, बाई."

"छट्! कांद्यांवर. इथे वॉकरला कांदे लटकलेत, तर तिकडे त्याला कांदेच मिळणार. वस्तू इथे ज्या कामाला लागते त्याच कामाला तिकडे लागते. हे घरच्यांना सांगायचं. देऊ नका असं कधीही म्हणायचं नाही. द्या म्हणायचं, पण जो त्यावर खरंच टेकेल त्याला द्या. आणि असा कोण, ते आपल्या वहीत असतं."

"बाई, हे धर्मात लिहिलंय?"

"धर्मात नाही, माझ्या वहीत लिहिलंय. पाद्रीबाबांना विचारलं. ते म्हणाले, 'मी ऐकलंच नाही.' म्हणजे चालतं."

अंत्ययात्रेच्या दिवशीच हजर राहायचं, दुसऱ्या दिवसापर्यंत वस्तू धर्मपुत्राच्या गोठ्यात गेलेली असते. गरिबाचं घर असेल तर टॉवेल आणि मेणबत्ती आपणच न्यायची. जिवंत माणसाखालची गादी काढायची नाही, मग पुढच्याची हालत कितीही वाईट असो. पुढच्याचं नाव आधीच्याचा श्वास थांबेपर्यंत उच्चारायचं नाही, "आपल्या मागे रांग लागलीय हे जिवंत माणसाला कळता कामा नये, त्याने मरायची घाई केली तर?" आणि सगळ्यांत अवघड काम म्हणजे माणूस जिवंत असतानाच घरच्यांना बाजूला घेऊन बोलायचं, की तो गेल्यावर ही वस्तू आम्ही सांगू त्याच्या हातात द्या.

हे बोलायचा सराव व्हायचा. एकीने मरणाऱ्याची मुलगी व्हायचं, दुसरीने नर्स. स्मारांडाची नर्स व्हायची पाळी आली की ती दुसऱ्या वाक्याला रडायची. स्मारांडा चोवीस वर्षांची, आमच्या मागच्या खोलीत भाड्याने राहायची. आवाज इतका हळू, की ती घरात शिरायची तेव्हा आमचा कुत्रा झोपेतून उठायचाही नाही.

"तुला काय झालं रडायला?" मावशी विचारायची. "रडणं घरच्यांचं काम. ते करतायत की. तू कशाला मधे लुडबुडतेस?"

"बाई, मला समोर ते माणूस दिसतं."

"दिसू दे. त्याच्यामागच्या नंबरचं पण बघ. तिथे एक पाठ आहे."

त्यानंतर तीन वर्षं झाली, एकही वस्तू हरवली नाही. साहेब परत आले, वही उघडली आणि एका रकान्यावर बोट ठेवलं. वर लिहिलं होतं: 'कोणाच्या आत्म्यासाठी'.

"हा रकाना नमुन्यात नाही, बरोबर?"

"हं-हं. म्हणूनच वस्तू खोलीत आहेत."

त्या वसंतात मावशीच्या पोटात दुखायला लागलं. ती नर्स होती. डॉक्टरांनी जुलैत सांगितलं ते तिला ईस्टरलाच कळलेलं. ऑगस्टमध्ये तिने अंथरूण धरलं. वहीत तिचा नंबर लागला तेव्हा स्मारांडाच तीन नंबरची गादी हातगाडीवरून घेऊन आली. मावशी खुर्चीत बसून हुकूम सोडत होती.

"नळी भिंतीकडे. चादर ताणू नकोस, हवा फिरायला हवी. कोणी शिकवलं तुला हे?"

"तुम्हीच, बाई."

"मग शिकवणारीच कच्ची."

सप्टेंबरात इलारिओनला दवाखान्यातून घरी सोडलं. अडतीस वर्षांचा माणूस, जंगलात ओंडका घसरून अंगावर आला, कमरेखाली काहीच जाणवत नव्हतं. त्याची बायको साफ्ता त्याला एकटी उचलायची. दहाव्या दिवशी त्याच्या माकडहाडावर कातडी लाल झाली, पंधराव्या दिवशी फाटली. स्मारांडाने आमच्या स्वयंपाकघरात आईला अंगठा आणि बोट जोडून दाखवलं, एवढं, आलुबुखाऱ्याएवढं. समोरच्या मक्याच्या मामालिगाला हातही लावला नाही. बाकीच्या तीन गाद्यांवरची माणसं बरीच वर्षं जगणारी होती. वहीत सरळ दिसत होतं: मावशी गेली की तीन नंबर इलारिओनला. लवकर गेली तर त्याची जखम भरेल, उशीर झाला तर हाडापर्यंत जाईल. आणि ती लवकर जावी असं मनातसुद्धा आणायची स्मारांडाला चोरी.

मावशीने नाव विचारलं नाही. पण ती बहिरी नव्हती, आणि आमच्या गावात ओंडक्याखाली माणूस सापडलं तर ते अंथरुणातल्या बाईलाही कळतं. एका दुपारी स्मारांडा गेली तर पंप बंद, आणि मावशी पिवळीधमक, घामाघूम, खुर्चीत बसलेली.

"हं-हं. मला खुर्चीच बरी वाटते हल्ली. ती गादी घेऊन जा. खोलीत पडू दे."

"झोपा बाई."

"अगं, टोचते मला ती."

"जिवंत माणसाखालची काढायची नाही. तुमचाच नियम."

"नियम करणारी मूर्ख असली तर?"

"मग तिने नऊ जणींना शिकवायचं नव्हतं!"

स्मारांडा ओरडली होती. आमचा कुत्रा भुंकत कुंपणाकडे धावला. मग पलीकडे पंपाची घुरघुर सुरू झाली.

रोज संध्याकाळी सातला तिबेरिउचा फोन यायचा. मावशीला फोन धरवायचा नाही म्हणून ती तो मोठ्याने लावून उशीवर ठेवायची.

"आई, आवाज का असा येतोय?"

"झोपून बोलतेय रे. जेवले. थोडं पोट धरलंय, बाकी काही नाही."

"मी येऊ का?"

"आणि फरशा कोण बसवणार, पोप? ईस्टरला ये."

नऊ गावांतल्या घरच्यांशी जे बोलायचं ते तिने नऊ जणींना घोटून घेतलं होतं. स्वतःच्या मुलाशी तिला ते जमेना. ते काम वहीप्रमाणे स्मारांडाचं होतं. एके दिवशी मावशीने विचारलंच.

"हं-हं. तिबेरिउशी बोललीस?"

"हो, बाई."

"काय म्हणाला?"

"म्हणाला, आईची इच्छा असेल तसं करू."

मावशीने मान तिच्याकडे वळवली. "माझा तिबेरिउ असं म्हणाला? मग फोन दुसऱ्याच कोणी उचलला असणार." आणि हसली, हसताना तिने पोट धरलं. पुन्हा तिने तो विषय काढला नाही. स्मारांडा त्या संध्याकाळी आमच्या पायरीवर बसून आईला म्हणाली, "मी उद्या करते फोन. उद्या नक्की करते." नंतर दुसऱ्या दिवशीही ती तेच म्हणाली. मावशी मेल्यावरचं बोलायचं म्हणजे आधी तिबेरिउला सांगायचं की ती मरतेय, आणि ते सांगायची मावशीने मनाई केली होती. असं स्मारांडा म्हणायची. ते खरंही होतं. पण तिला भीती वाटत होती, हे त्याहून खरं होतं.

ऑक्टोबरात, अंगणाअंगणात आलुबुखाऱ्यांची दारू गाळायला लागली त्या आठवड्यात, मावशी दुपारी गेली. तिबेरिउ दुसऱ्या दिवशी विमानाने आला. तो स्वयंपाकघरात बसून एकच वाक्य म्हणत होता, "मला म्हणाली थोडं पोट. थोडं पोट म्हणाली मला." स्मारांडा टॉवेल आणि मेणबत्ती पिशवीत घेऊन दोन वेळा त्याच्या समोर जाऊन उभी राहिली, आणि दोन्ही वेळा त्याला पाणी देऊन परत आली.

पुरून आल्यावर अंगणात जेवणं झाली. मग चार जणांनी घरातून पलंग उचलून बाहेर आणला. लोखंडी पलंग, पांढरी चादर, भरतकामाच्या तीन उशा, लाल घोंगडी, खांबाला बांधलेली मेणबत्ती. आईसाठी अंथरलेला पलंग. गावात दहा वर्षांत कोणी दिला नव्हता. चादरीखाली तीन नंबर होती, नळी नीट गुंडाळून उशीखाली सारलेली. तिबेरिउला वाटलं आई ज्यावर झोपायची ते सगळं तिला मिळायला हवं. त्याने लुक्रेत्सियाबाईचा हात धरला. लुक्रेत्सिया म्हणजे मावशीच्या लग्नात मेणबत्ती धरून उभी राहिलेली तिची नाशा, जुन्या सरपंचांची विधवा, सत्तरीतली, ठणठणीत.

"नाशा, आईच्या आत्म्यासाठी."

"देव तिला क्षमा करो, बाळा."

नऊ नर्सा कुंपणाशी रांगेत उभ्या होत्या. नऊ जणींनी नळी पाहिली. एकीनेही घसा खाकरला नाही.

दुसऱ्या दिवशी तिबेरिउ परत गेला आणि स्मारांडा नाशाच्या दारात गेली. मी तिच्यासोबत होते. नाशाने चीजची पोळी पुढे ठेवली. तिचं बोलणं असं, की प्रत्येक वाक्य डोक्यावर हात ठेवल्यासारखं येतं.

"माझ्या लेकी, मला काय करायचीय ती? नेशील. चाळीस दिवस होऊ दे. तोवर आत्मा वाटेवर असतो. आत्ता काढली तर वाटेत वेतुरिया कशावर पाठ टेकेल?"

"नाशा, इलारिओनची जखम चाळीस दिवस थांबणार नाही."

"मी रोज प्रार्थना करीन त्याच्यासाठी."

तेव्हा स्मारांडाने मावशीचं अस्त्र काढलं. "वस्तू इथे वापरात असली तरच तिकडे मिळते. तुमच्या पाहुण्यांच्या खोलीत कोणी झोपत नाही, मग त्यांना तिकडे कशी मिळणार?"

नाशाचे डोळे भरून आले. "खरंच की गं. वेतुरिया हेच म्हणायची." तिने स्मारांडाचे दोन्ही हात धरले. "आजपासून मी झोपते त्यावर."

आणि झोपली. रोज, पंप लावून. चर्चमध्ये सांगायची, "त्या घुरघुरीने माझं डोकं उठतं, पण तिच्यासाठी सोसते." खोटं बोलत नव्हती, डोळ्यांखाली काळं आलं होतं तिच्या.

स्मारांडाने मग तोरिनोला फोन केला, आमच्या स्वयंपाकघरातून, उभ्याने. "मी तुमच्याशी आधीच बोलायला हवं होतं. बोलले नाही. आणि बाईंना सांगितलं की बोलले." सगळं सांगितलं. पलीकडे फरशी कापायचं यंत्र चालू होतं, ते बंद झालं. तिबेरिउ म्हणाला, "लांबी सांग. आणि रुंदी." जिल्ह्यात अर्जही गेला, 'विचाराधीन आहे, बरोबर?' असं उत्तर आलं.

गादी येईपर्यंत दर दोन तासांनी इलारिओनला कुशीवर वळवायचं. दिवसा स्मारांडा, एरवी साफ्ता.

"मला भाकरीसारखं परतताय दोघी," इलारिओन म्हणायचा. "करपलो का बघा." एकदा म्हणाला, "माझी गादी आली नाही ना? असू दे. आपल्याकडे मेलेल्यांचा नंबर आधी."

"गप रे," साफ्ता म्हणाली.

"मी कुठे तक्रार करतोय? मीही मरेन तेव्हा बघा, एकदम पहिला."

मावशी गेल्यापासून सतराव्या दिवशी त्याला ताप भरला. जखमेत हाड दिसत होतं. गाडीतून शहरात नेला. एकोणिसाव्या दिवशी तोरिनोची मिनीबस आली आणि ड्रायव्हरने साफ्ताच्या दारात एक मोठं खोकं ठेवलं. सव्विसाव्या दिवशी इलारिओन दवाखान्यातच वारला.

नाशाने शब्द पाळला, हेही सांगायला हवं. चाळिसाव्या दिवशी तिने घोडागाडीतून तीन नंबर स्वतः आणून खोलीत ठेवली, धुऊन, वाळवून, घडी करून. स्मारांडाला म्हणाली, "घे. तिला पोचली." आणि मग काय वाटलं कोण जाणे, गाडीच्या चाकाला धरून बराच वेळ उभी राहिली.

पण त्याच्या आधी, इलारिओनला पुरल्याच्या तिसऱ्या दिवशी, साफ्ताने स्मारांडाला बोलावणं पाठवलं. खोकं बाकावर होतं, चिकटपट्टीही न काढलेलं. साफ्ता त्याच्या शेजारी बसली होती, जसं कोणी पाहुण्याशेजारी बसावं.

"ही त्याच्यासाठी आली," ती म्हणाली. "पण तो झोपला नाही हिच्यावर. एक दिवसही नाही. हिची पोमाना केली तर त्याला पोचेल?"

स्मारांडाने घसा खाकरला.

"सांग ना."

"ठाऊक नाही, साफ्ता."

"बाई असत्या तर 'पोचेल' म्हणाल्या असत्या."

"हो."

"आणि ते खोटं असतं?"

"तेही ठाऊक नाही मला. पण तुला ठाऊक आहे असं सांगणार नाही."

साफ्ताने खोक्यावरून हात फिरवला, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, एखाद्याची पाठ चाचपावी तसा. "पुढे कोण आहे?"

"वरच्या आळीतली दोम्निका. तिची कातडी कालच फाटलीय."

साफ्ता उठली, कोनाड्यातून मेणबत्ती आणली आणि काडी ओढली. दोन काड्या विझल्या, तिसरी पेटली.

"तिला सांग इलारिओनच्या नावाने आहे," ती म्हणाली. "आणि आजच ने. चाळिसाव्याची वाट बघत बसू नकोस."